चढावर ताकद जाते कुठे?

माउंटन बाइकच्या मागच्या शॉकच्या चकचकीत दांडीवर एक काळी रबरी रिंग असते. सायकल चालण्यासाठी तिची काहीच गरज नसते. शॉक दाबला गेला की ती दांडीवर सरकते आणि दाब जिथपर्यंत पोचला तिथेच थांबते. शॉक पुन्हा उघडला तरी ती जागची हलत नाही. कोथरूडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये फुल सस्पेन्शनची सायकल आली की मी आधी या रिंगकडे बघते. सायकल ज्याची असेल त्याला भिंतीला धरून सीटवर बसवते, रिंग दांडी जिथे आत शिरते तिथल्या सीलला टेकवते, त्याला न हिसकता खाली उतरायला सांगते आणि मग पट्टी लावते. शॉकची चाल ५० मिलिमीटर असेल तर रिंग १३ ते १५ मिलिमीटरवर थांबायला हवी. नुसत्या बसण्याने शॉक जेवढा दबतो त्याला आम्ही सॅग म्हणतो. तो चालीच्या पंचवीस ते तीस टक्के असला की सायकल त्या माणसाच्या वजनाला जुळली.

माझ्याकडे येणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रारही याच रिंगवर दिसते. डांबरी चढाच्या पायथ्याशी रिंग सीलला टेकवायची, बसून पेडल मारत वर जायचं आणि पोचल्यावर बघायचं. सॅगच्या खुणेपुढे ती आणखी काही मिलिमीटर सरकलेली असते. म्हणजे पेडलच्या प्रत्येक दाबाला शॉक थोडा बसला, थोडा उठला. मागून येणाऱ्या मित्राला तर ते उघड दिसतं आणि तो ओरडून सांगतोही. मग सायकल घेऊन मंडळी माझ्याकडे येतात. "ताई, ही चढावर डुलते. निम्मी ताकद या शॉकमध्येच जिरते बघा." आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "त्यापेक्षा हार्डटेलच घ्यायला हवी होती का?"

हार्डटेल म्हणजे जिच्या पुढच्या चाकाला सस्पेन्शनचा फोर्क आहे, पण मागचं चाक फ्रेमला थेट जोडलेलं आहे अशी माउंटन बाइक. फुल सस्पेन्शनमध्ये मागचं चाक एका हलत्या आर्मवर असतं आणि तो आर्म नि फ्रेम यांच्यामध्ये शॉक असतो. प्रश्न वाजवी आहे, कारण माणसाकडे ताकद मोजकीच असते. रोज सायकल चालवणारा तंदुरुस्त हौशी माणूस तासभर सलग दीडशे ते दोनशे वॅट देऊ शकतो. त्यातले किती शॉक खातो हे त्याला कळायला हवं. माझं म्हणणं असं, की डोळ्यांना दिसतं ते नुकसान लहान असतं. मोठं नुकसान सायकलवर होतच नाही, ते चालवणाऱ्याच्या शरीरात होतं, आणि म्हणूनच कोणी त्याचा हिशेब करत नाही.

आधी दिसणारं नुकसान बघू. शॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक स्प्रिंग, जी चांगल्या शॉकमध्ये बहुधा दाबलेल्या हवेची असते, आणि दुसरा डँपर, म्हणजे तेलातून बारीक छिद्रांवाटे सरकणारा पिस्टन. ऑफिसच्या दाराला वर बसवलेला क्लोजर दार आदळू न देता हळूच लावतो, डँपरचं काम तसंच. स्प्रिंगमध्ये गेलेली बहुतेक ऊर्जा परत येते. डँपरमध्ये गेलेली परत येत नाही, तिची उष्णता होते. तेव्हा शॉक हलला म्हणजे तेवढी सगळी ताकद गेली असं होत नाही. डँपरने तेल ढकलण्यात जी खर्चली तेवढीच गेली.

ती किती, याचा एक चांगला हिशेब १९९६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या वँग आणि हल यांनी प्रसिद्ध केला. सायकल आणि तिच्यावरचा माणूस यांचं गणिती प्रारूप त्यांनी बनवलं. त्यात मांड्या, पोटऱ्या, धड, हात या सगळ्यांचं वजन आणि हालचाल धरली होती. ६ टक्के चढाच्या गुळगुळीत रस्त्यावर, सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने, मागच्या शॉकमध्ये ६.९ वॅट वाया जातात असं उत्तर आलं. माणूस देत असलेल्या एकूण शक्तीच्या हे १.३ टक्के. तो वेग ताशी २३ किलोमीटरच्या आसपास जातो. सहा टक्के चढावर एवढ्या वेगाने जाणारा चांगलाच दमदार सायकलपटू म्हणायचा, आपल्यासारख्यांचे वॅट त्याहून बरेच कमी. शिवाय हा हिशेब त्या काळच्या साध्या, एकाच पिव्हटच्या, म्हणजे आर्म फ्रेमला एकाच सांध्यावर हलतो अशा रचनेचा होता. पिव्हटची जागा बदलली तर नुकसान आणखी घटतं, हेही त्यांनी त्याच कामात दाखवलं.

१.३ टक्के म्हणजे किती याचा अंदाज यायला चेन बघा. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या चेनची कार्यक्षमता मोजली. सगळ्यात अनुकूल परिस्थितीत ती ९८.६ टक्के भरली. म्हणजे उत्तम चेनसुद्धा १.४ टक्के खातेच. शॉकवर एवढा राग धरणाऱ्या माणसाच्या मनात चेनबद्दल असा विचार कधी येत नाही, कारण चेन खातेय हे दिसत नाही आणि शॉक हलतोय ते दिसतं.

दुसरी बाजू वजनाची. एकाच दर्जाच्या दोन सायकली घेतल्या तर मागचा शॉक, लिंका, बेअरिंग यांमुळे फुल सस्पेन्शन साधारण एक ते दोन किलोंनी जड भरते. दीड किलो धरू. सिंहगडासारखी ६०० मीटर उंचीची सलग चढण घेतली, माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर वर चढवायला सुमारे ५०० किलोज्यूल काम लागतं. दीड किलोंसाठी त्यात जवळजवळ ९ किलोज्यूलची भर पडते. तासाभराच्या चढणीत एक मिनिट जास्त लागेल. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा कमीच पेडलपर्यंत पोचवतात. तेव्हा या जादा वजनाची अन्नातली किंमत फार तर दहा कॅलरी, म्हणजे केळ्याचा एक घास. शर्यतीत एक मिनिट मोठं असतं हे मला मान्य आहे. शनिवारी पहाटे गडावर जाऊन झुणका-भाकर खाऊन परत येणाऱ्याला ते जाणवायचंही नाही.

डांबरी चढावरची शॉकची बाजू आणि वजनाची बाजू एकत्र केली तरी फुल सस्पेन्शनचं नुकसान सुमारे तीन टक्क्यांत संपतं. गुळगुळीत रस्त्यावर हार्डटेल जास्त कार्यक्षम आहे यात शंका नाही. पण माउंटन बाइक गुळगुळीत रस्त्यासाठी घेतलेली नसते. डांबर संपून मुरूम आणि दगडगोटे लागले की हिशेब उलटतो, आणि खरी मजा तिथेच आहे.

एक दगड घ्या, दोन सेंटिमीटर उंचीचा. आपल्या सह्याद्रीत प्रत्येक पायवाटेवर असे दगड जागोजागी आहेत. हार्डटेलचं मागचं चाक त्या दगडावर चढतं तेव्हा फ्रेम, सीट आणि सीटवरचा माणूस असा सगळा मागचा भार त्याच्याबरोबर वर जातो. तो ५० किलो धरला तर दोन सेंटिमीटर उचलायला जवळपास १० ज्यूल लागतात. फुल सस्पेन्शनमध्ये चाक आणि मागच्या आर्मचा थोडा भाग, तीन-चार किलो, एवढंच वर जातं. त्याला एक ज्यूलही लागत नाही. स्प्रिंग दबण्यात काही ऊर्जा जाते आणि त्यातली बरीचशी परत येते. आता ताशी दहा किलोमीटर वेगाने जाताना मीटरमागे असा एक दगड लागला तर सेकंदाला जवळपास तीन दगड झाले. हार्डटेलवर दर सेकंदाला ३० ज्यूल, म्हणजे ३० वॅट. हा हिशेब मुद्दाम ठोकळ धरला आहे. दगडावरून उतरताना त्यातलं काही परत मिळतं, आणि जाणता माणूस सीटवरून थोडा उठून मार चुकवतो. तरी डांबरावरचे ते सात वॅट आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

जे परत मिळत नाही ते जातं कुठे? माणसाचं शरीर काही टणक पोलाद नाही. धक्का बसला की मांड्या, पोट, पाठ, दंड हलतात, आतले मऊ भाग एकमेकांवर घासतात आणि उष्णता होते. म्हणजे हार्डटेलवर डँपर नसतो असं नाही. डँपर असतो, तो म्हणजे आपण स्वतः. अमेरिकेतल्या 'बायसिकल क्वार्टर्ली' या नियतकालिकाच्या यान हाइने यांनी हायवेच्या कडेला झोपलेल्या ड्रायव्हरला जागं करण्यासाठी असतात त्या खाचांच्या पट्ट्यांवरून सायकल चालवून मोजणी केली होती. शेजारच्या गुळगुळीत डांबरापेक्षा त्या पट्ट्यांवर २९० वॅटपर्यंत जादा शक्ती लागली. हौशी सायकलस्वाराच्या तासभराच्या ताकदीपेक्षाही जास्त! ती टायर किंवा चेनमध्ये जिरली नव्हती, शरीरात जिरली होती.

शरीरातला आणखी एक खर्च तर पेडलवरची शक्ती मोजणाऱ्या मीटरला कळतही नाही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००० सालचा एक प्रयोग याच जागेवर बोट ठेवतो. मॅक्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी सायकलपटूंना चढाच्या रस्त्यावर आणि चढाच्याच कच्च्या वाटेवर दोन्ही प्रकारच्या सायकली चालवायला लावल्या. क्रँकमध्ये शक्ती मोजणारं यंत्र होतं आणि ऑक्सिजन किती खर्च होतो हेही मोजलं जात होतं. पेडलवरची शक्ती फुल सस्पेन्शनवर स्पष्टपणे जास्त आली. एवढंच वाचलं तर तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं. पण चढ पार करायला लागलेला वेळ दोन्ही सायकलींवर सारखाच होता. ऑक्सिजन सारखा, हृदयाचे ठोकेही सारखे.

पेडलवर जास्त शक्ती दिली आणि तरी फुप्फुसांना जास्त मेहनत पडली नाही, हे कसं? संशोधकांनी आकडे दिले. त्यांचा अर्थ मी माझ्या कामाच्या अनुभवातून लावते तो असा. हार्डटेलवरचा माणूस पेडल मारण्याशिवाय आणखी एक काम सतत करत असतो. तो हँडल आवळून धरतो, पाठ ताठ ठेवतो, दगड दिसला की ढुंगण उचलतो, पुन्हा बसतो. या कामाला ऑक्सिजन लागतो, पण ते क्रँकपर्यंत पोचतच नाही, म्हणून मीटरमध्ये ते दिसत नाही. फुल सस्पेन्शनवर हे काम शॉककडे जातं आणि मोकळी झालेली ताकद पेडलवर येते. दर श्वासामागे किती अंतर कापलं एवढंच बघायचं ठरवलं तर चढावरसुद्धा दोन्ही सायकली बरोबरीत सुटतात.

आणि ही चढाची गोष्ट झाली, जिथे वेग कमी आणि धक्के सौम्य असतात. २००६ साली ग्लासगोमधल्या संशोधकांनी रोलरवर उंचवटे बसवून खडबडीत वाटेची नक्कल केली. तिथे सारख्याच वेगाला फुल सस्पेन्शनवरच्या माणसांचा ऑक्सिजनचा खर्च आणि हृदयाचे ठोके दोन्ही कमी भरले. त्याआधी १९९७ साली सायफर्ट आणि सहकाऱ्यांनी रक्तातलं क्रिएटिन कायनेज तपासलं होतं. स्नायूंना इजा झाली की हे एन्झाइम रक्तात वाढतं. अजिबात सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर ते दुसऱ्या दिवशी जास्त वाढलेलं आढळलं. आपण ज्याला "अंग आंबलं" म्हणतो, ते तपासणीच्या कागदावर असं दिसतं.

माझ्या गिऱ्हाइकांत मला हे दर पावसाळ्यानंतर दिसतं. ऑक्टोबरमध्ये वाटा सुकल्या की पाबे घाटाकडे, वेल्ह्याच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर मंडळी जायला लागतात. हार्डटेलवाला पहिल्या दोन तासांत पुढे असतो. तिसऱ्या तासाला मोकळ्या खडीच्या चढावर तो पेडलला जोर देतो, मागचं चाक एका दगडावरून उसळतं, हवेतच अर्धा फेरा फिरतं आणि उतरताना खडी उडवतं. त्या अर्ध्या फेऱ्याची ताकद शंभर टक्के फुकट गेली. जमिनीला न टेकलेलं चाक कोणालाच पुढे नेत नाही. फुल सस्पेन्शनचं चाक त्याच दगडावरून जमीन न सोडता जातं. सस्पेन्शन म्हणजे आराम, असं दुकानात सांगितलं जातं. मला विचाराल तर त्याचा पहिला उपयोग चाक जमिनीला धरून ठेवणं हा आहे. आराम त्यासोबत मिळतो.

या खेळात मात्र हे मान्य व्हायला फार वेळ लागला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत तरुण पोरं जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली यायची. १९७६ साली तिथे रीपॅक नावाची शर्यत सुरू झाली. पाय उलटा दाबून लावायचा मागचा ब्रेक उतारावर इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून हे नाव. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही पुढे गाजलेली मंडळी तिथलीच. त्यांच्याकडे सस्पेन्शन एकच होतं, ते म्हणजे टायरमधली हवा. पुढच्या चाकाचा पहिला गाजलेला फोर्क, रॉकशॉक्सचा आरएस-१, यायला दशक सरावं लागलं. मागच्या चाकाला तर त्याहूनही उशीर झाला. सुरुवातीच्या रचना खरोखरच वाईट होत्या, पेडलच्या प्रत्येक दाबाला खाली बसायच्या. आज लोकांच्या मनात घट्ट बसलेली तक्रार तिथून आली आहे आणि त्या काळापुरती ती खरीच होती.

त्या रचना सुधारल्या कशा, हे समजून घेण्यासारखं आहे. पेडल दाबलं की सायकल पुढे झेपावते, भार मागे जातो आणि मागचा भाग खाली बसू पाहतो. त्याच क्षणी चेनचा वरचा पदर मागचं चाक पुढे ओढत असतो. आर्मचा पिव्हट नेमक्या उंचीवर असेल तर चेनची ती ओढ आर्मला खाली ढकलते, म्हणजे शॉक उघडू पाहते. एक बल शॉक दाबतं, दुसरं तो उघडतं आणि दोघं एकमेकांना मारतात. याला अँटी-स्क्वाट म्हणतात. डेव्ह वीगल या अमेरिकन अभियंत्याने आपल्या डीडब्ल्यू-लिंकमध्ये दोन छोट्या लिंकांच्या साहाय्याने हा तोल साधला. त्याच्या आधी मूळचे ऑस्ट्रियाचे हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या आर्ममध्ये एक जादा पिव्हट घालून वेगळी वाट काढली होती. तोल कधीच पूर्ण बसत नाही. गिअर बदलला की चेनचा कोन बदलतो. अँटी-स्क्वाट जास्त ठेवला तर दगडावरून जाताना चेन ताणली जाऊन पेडल पायाला उलटा झटका देतं. आणि उभं राहून पेडल मारताना आपलं सगळं धड वर-खाली होतं, ते कुठलाच पिव्हट थांबवू शकत नाही.

म्हणून काहींनी शॉकलाच धक्का ओळखायला शिकवलं. स्पेशलाइज्ड कंपनीच्या एपिक या सायकलमध्ये मागच्या चाकाच्या आसाजवळ एक लहान नळकांडं असायचं आणि त्यात पितळेचं एक वजन. रस्ता सपाट असेल तर ते वजन तेलाची वाट बंद करून बसतं आणि शॉक जवळजवळ कडक राहतो. वरून माणसाने कितीही जोर दिला तरी वाट उघडत नाही. खालून दगडाचा धक्का आला की नळकांडं चाकाबरोबर वर उचललं जातं, वजन जडत्वाने आहे तिथेच राहतं, वाट उघडते आणि शॉक काम करतो. धक्का माणसाकडून आला की जमिनीकडून, हे पितळेच्या एका तुकड्याने ओळखायचं! या व्हॉल्व्हचं चित्र काढून दाखवलं की माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरांचे डोळे चमकतात. मला स्वतःला सायकलमधली याहून देखणी कल्पना माहीत नाही.

या सगळ्याची जाहीर परीक्षा १२ ऑगस्ट २०१२ रोजी झाली. लंडन ऑलिंपिकची पुरुषांची क्रॉस-कंट्री शर्यत एसेक्समधल्या हॅडली फार्मवर होती. माउंटन बाइक ऑलिंपिकमध्ये १९९६ साली अटलांटाला आली. तिथपासून बीजिंगपर्यंत पुरुषांचं एकही सुवर्ण फुल सस्पेन्शनवर आलं नव्हतं. हॅडलीला शेवटच्या वळणापर्यंत दोघे एकत्र होते. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर हार्डटेलवर होता आणि चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी त्याच एपिकवर. दीड तासाच्या शर्यतीत कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. तिसरा आलेल्या इटलीच्या मार्को फोंतानाची सीट शेवटच्या फेरीत तुटून पडली होती आणि उरलेलं अंतर त्याने उभ्यानेच काढलं.

एका सेकंदावरून सायकलींचा निकाल लावता येत नाही, आणि मी तो लावतही नाही. शेवटी पाय कोणाचे होते याला महत्त्व आहेच. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर शुर्टरने काय केलं ते. चार वर्षांनी रिओला तो फुल सस्पेन्शनच्या स्कॉट स्पार्कवर आला आणि सुवर्ण घेऊन गेला. कुल्हावी दुसरा आला. शुर्टरच्या हँडलवर एक लिव्हर होता. त्याने पुढचा फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही एकाच वेळी कडक, मध्यम किंवा मोकळे करता येत. गुळगुळीत चढ आला की कडक, दगड आले की मोकळे. २०२१ साली टोकियोला आणि २०२४ साली पॅरिसला ब्रिटनचा टॉम पिडकॉक जिंकला, तोही फुल सस्पेन्शनवरच. एकेका ग्रॅमसाठी जीव टाकणारी ही माणसं दीड-दोन किलो जादा वजन स्वखुशीने चढावर ओढतात, ते काही आरामासाठी नाही.

आता आपल्याकडच्या एका सायकलीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. सायकलच्या दुकानांत "डबल शॉकअपची गिअरची सायकल" म्हणून जी मिळते, ती आठवी-नववीतल्या मुलांना हमखास भुरळ घालते. फ्रेमच्या मधोमध लाल किंवा पिवळी जाड स्प्रिंग, दोन्हीकडे गिअर, भरगच्च टायर. आईवडील पोटाला चिमटा काढून ती घेतात. ती उचलून बघा, अठरा-वीस किलो सहज भरते. त्या मधल्या स्प्रिंगमध्ये बहुतेक वेळा डँपर नसतोच, नुसती स्प्रिंग असते. पिव्हटला बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचा बुश असतो आणि तो वर्षभरात झिजून मागचं चाक डावीकडे-उजवीकडे हलायला लागतं. पिव्हटच्या जागेचा विचार कोणी केलेला नसतो, त्यामुळे पेडलच्या प्रत्येक दाबाला ती खाली बसते आणि नको तेव्हा वर फेकते. तिच्याबाबत "निम्मी ताकद वाया जाते" ही तक्रार बरीचशी खरी आहे. त्या मुलाला शाळेच्या चढावर जो दम लागतो तो त्याच्या अशक्तपणामुळे नाही. तेवढ्याच पैशात साध्या फोर्कची किंवा सस्पेन्शनच नसलेली हलकी सायकल मिळते आणि ती मूल आनंदाने रोज चालवतं. मी हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगते. काही ऐकतात. काहींना मुलाचा हट्ट मोडवत नाही, आणि तेही मला समजतं.

चांगल्या सायकलींतही किमतीचा प्रश्न उरतोच. साठ-सत्तर हजारांत बसणारी नवी फुल सस्पेन्शन मला कोणी दाखवली तर मी तिच्याकडे संशयाने बघते. शॉक, लिंका, आठ-दहा बेअरिंग एवढा खर्च त्याच पैशांत बसवायचा तर ब्रेक, चाकं, फोर्क यांतून कापावं लागतं. त्या पैशात चांगल्या हवेच्या फोर्कची हार्डटेल घ्यावी. पुण्यातून निघून तीस किलोमीटर डांबर, मग दहा किलोमीटर कच्चा रस्ता आणि परत, अशी बहुतेकांची रविवारची फेरी असते. त्याला हार्डटेलच योग्य. आणि तिच्यात पैसे न घालता करता येण्यासारखी सुधारणा म्हणजे टायरची हवा. रस्त्याच्या सायकलची सवय असलेले लोक ५०-६० पीएसआय ठासून भरतात. खडबडीत वाटेवर असा टणक टायर दगडाला गुंडाळून घेत नाही, उसळतो, आणि धक्का थेट आपल्याकडे येतो. रुंद ट्यूबलेस टायर असेल तर पंचविसाच्या आसपास आणा आणि तीच वाट पुन्हा चालवून बघा. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर दगडावर चिमटून पंक्चर होईल.

ज्याला दिवसचे दिवस दगडांतूनच जायचं आहे, ज्याची पाठ कुरकुरते, किंवा ज्याला चार तासांनंतरही उतारावर हात शाबूत हवे आहेत, त्याने फुल सस्पेन्शन घ्यावी आणि डुलण्याची काळजी सोडावी. शॉक कडक करणारा लॉकआउटचा लिव्हर असेल तर डांबरी चढावर लावावा आणि माती लागली की आठवणीने काढावा. वर्कशॉपमध्ये "शॉक बिघडला" म्हणून येणाऱ्या सायकलींत नुसता लॉक राहिलेल्या कितीतरी असतात. शॉकमध्ये हवा आपल्या वजनाप्रमाणे भरावी, साध्या पंपाने नाही तर शॉक पंपाने. ८० किलोंच्या माणसाने सेट केलेली सायकल ५५ किलोंच्या मुलीला दिली तर तिच्यासाठी ती हार्डटेलच झाली, वर दीड किलो वजन फुकट.

जुनी फुल सस्पेन्शन विकत घेणाऱ्यांनी शॉककडे बघण्याआधी बेअरिंग तपासावीत. सायकल जमिनीवर उभी असताना मागून सीट धरून मागचं चाक जेमतेम सुटेल एवढंच वर उचला आणि सोडा. मध्ये कुठेतरी "टक" असा आवाज किंवा हाताला बारीकसा धक्का जाणवला, तर पिव्हटमध्ये किंवा शॉकच्या बुशमध्ये ढिलाई आली आहे. मग आर्म आडवा हलवून बघा, म्हणजे नेमकी जागा सापडेल. बेअरिंगचा पूर्ण संच आणि शॉकचे सील बदलायला किती पडतील ते कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला फोनवर विचारा, तेवढे पैसे किमतीतून वजा करा आणि मगच भाव ठरवा.